एका फ्रेंच गावाचं मस्कत मंडळ

मी फ्रान्सला कधी गेलेले नाही. तरी मध्य फ्रान्समधल्या एका खेड्याची चतुःसीमा मला कुणी झोपेतून उठवून विचारली तरी सांगता येईल. पूर्वेला नदी, पश्चिमेला ओकचं जंगल, दक्षिणेला रेल्वेचा उखडलेला मार्ग आणि उत्तरेला शेजारचं ते नतद्रष्ट गाव. माझ्या सासरच्या गावाच्या उत्तरेला काय आहे हे मला आजही माहीत नाही. माहेरचं तर गाव नव्हतंच. गिरगावातल्या दोन खोल्यांना कुणी गाव म्हणत नाही. मे महिन्यात वर्गातली सगळी पोरं 'गावाला' जायची आणि मी दादरच्या मावशीकडे. हे शल्य मी पन्नाशीपर्यंत नीट जपलं, आणि मग मस्कतमध्ये, एका शुक्रवारी, जेवता जेवता मला फ्रान्समध्ये गाव मिळालं.

मस्कतच्या अझैबा भागात आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर एक फ्रेंच नर्स राहायच्या. साठी उलटलेली बाई. एका खाजगी दवाखान्यात नव्या नर्सेसना शिकवायच्या. आखातात पस्तीसेक वर्षं काढलेली, त्यातली बरीचशी केरळी नर्सेसबरोबर, त्यामुळे त्यांचं हिंदी मल्याळी वळणाचं होतं आणि त्यावर फ्रेंच फोडणी. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. चौदा वर्षं खालीवर राहून आमचं नातं वाटीभर साखरेच्या पुढे गेलं नव्हतं.

त्या शुक्रवारी दुपारी त्या वर आल्या तेव्हा त्यांच्या हातात कागद होता. "मेरा गाँव खलास," त्या म्हणाल्या.

नवऱ्याला वाटलं भूकंप झाला. त्याने लगेच टीव्ही लावला. मग हळूहळू उलगडा झाला तो असा, की मॅडमचं गाव उत्तरेच्या मोठ्या गावात विलीन होणार होतं. वेशीवरच्या पाटीवर मोठ्या गावाचं नाव मोठ्या अक्षरात येणार, आणि खाली मॅडमच्या गावाचं, चष्मा लावून वाचावं लागेल इतकं. गावात माणसं उरली होती अठ्ठावन्न. विलीनीकरणाचा प्रस्ताव खुद्द गावच्या महापौरानेच मांडला होता. अठ्ठावन्न माणसांना महापौर असतो हे ऐकून नवरा हरखला. तो महापौर म्हणजे मॅडमचा सख्खा भाऊ, आणि आईच्या एका उभ्या कपाटावरून दोघं अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

"मैं लिखेगी तो वो फाड़ेगा," मॅडम म्हणाल्या, आणि आमच्या डायनिंग टेबलाशी बसून रडल्या. मला काय करावं सुचेना. मी त्यांना वरण-भात वाढला.

पंगतीला रुस्ताकचे चाचा होते. मस्कतपासून दीड-दोन तासांवरच्या रुस्ताकच्या बाजारात त्यांचं कापडाचं आणि शिवणकामाचं दुकान. मूळचे रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे. माल न्यायला मस्कतला येत आणि नमाज झाल्यावर जेवायला आमच्याकडे, हा वीस वर्षांचा रिवाज. चाचांनी सगळं ऐकून घेतलं, बोटं चाटून पुसून घेतली आणि त्यांना पडलेली खरी शंका विचारली.

"तुमच्या गावाचा मंडळ नाय हितं?"

चाचांना गाव म्हटलं की मंडळ दिसतं, यात त्यांचा दोष नाही. कोकणात गाव कोकणात असतं आणि त्याचा कारभार मुंबईत चालतो. चाचांच्या गावाचं मंडळ मुंबईत आहे, कुवेतला आहे, मस्कतला तर आहेच. मशिदीचं छत, शाळेचं फाटक, जेटीच्या पायऱ्या, सगळं मंडळाने ठरवलेलं. गावातल्या ग्रामपंचायतीकडे फक्त दाखले मिळतात. तेव्हा एखाद्या गावावर संकट यावं आणि परदेशी त्याचं मंडळच नसावं, हे चाचांना एखादं पोर अंगरख्याशिवाय रस्त्यावर सोडल्यासारखं वाटलं.

"मंडळाचा पत्र कोन फाडीत नाय," ते म्हणाले.

मी म्हटलं, "चाचा, त्या गावच्या मस्कतमध्ये या एकट्या. मंडळात माणसं कुठून आणायची?"

"मग आमी हाव ना," चाचा म्हणाले, आणि त्यांनी ताक मागितलं.

माझा नवरा डोंबिवलीत सहा वर्षं हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी होता. मस्कतला आल्यापासून त्याला एकही सभा मिळाली नव्हती आणि तो आतून वाळत चालला होता. त्याच्या डोळ्यांत आलेली चमक पाहूनच मी ओळखलं की आता आपलं काही खरं नाही. संध्याकाळपर्यंत तो अध्यक्ष झाला, चाचा उपाध्यक्ष आणि मी, कुरुमच्या एका ऑफिसात डॉक्युमेंट कंट्रोलर असल्याच्या गुन्ह्याबद्दल, कार्यवाह. मॅडमना आम्ही सल्लागार केलं, कारण त्यांना गावाची माहिती होती.

इथे परवान्याशिवाय संस्था काढता येत नाही. म्हणून कागदोपत्री आमचं मंडळ हे जेवण होतं. सभेच्या वृत्तांताला मी 'जेवणाचा वृत्तांत' असं शीर्षक द्यायचे, आणि मागील जेवणाचा वृत्तांत वाचून कायम करण्यात आला, असं सुरुवातीला लिहायचे. पहिल्या जेवणाला नऊ जण आले. गणपूर्ती होईना म्हणून नवऱ्याने सभा अर्धा तास तहकूब केली, मग तेच नऊ जण पोहे खाऊन परत बसले. दुसऱ्या सभेला मिसळ आहे असं कळल्यावर पुण्या-मुंबईची बारा कुटुंबं आली. चाचांनी रुस्ताकहून दोन भाचे आणले. दोन महिन्यांत आमचे एक्केचाळीस सदस्य झाले. गाव विचाराल तर कुणालाही नकाशावर दाखवता आलं नसतं.

नवऱ्याचं मत पडलं की निवेदनाला जोड म्हणून गावाचा भूगोल आणि इतिहास हवा. त्याने पिवळ्या पॅडवर कलमं काढली: स्थान व विस्तार, नद्या, माती, पिके, ग्रामदैवत, यात्रा, थोर पुरुष, गड-किल्ले. रोज संध्याकाळी तो मॅडमना चहाला बोलवायचा आणि तलाठ्यासारखा समोर बसायचा.

भूगोल पटकन उरकला. नदी लहान मूल उडी मारून ओलांडेल एवढी, पण तिला बारा महिने पाणी, म्हणून मस्कतच्या आम्हा सगळ्यांना ती महानदीच वाटली. जमीन चुनखडीची, पीक गहू, गाई तपकिरी. गावाच्या चार वाड्या.

"वाड्यांची भांडनं असतील," चाचा म्हणाले. दोन वाड्या एकमेकींशी बोलत नाहीत असं मॅडमनी कबूल केलं. चाचांनी मान डोलावली. गाव खरं असल्याची त्यांची खात्री पटली.

ग्रामदैवत म्हणून एक संत निघाला, गाईंच्या पोटदुखीवर चालणारा. वर्षातून एकदा त्याची मूर्ती चार जण खांद्यावरून शेतात फिरवून आणतात. नवऱ्याने 'पालखी' असं लिहिलं आणि त्यावर कुणालाच हरकत घेता आली नाही.

घोडं इतिहासात अडलं. किल्ला नाही. राजा नाही. लढाई तर नाहीच, कारण मॅडमच्या सांगण्यानुसार सगळी सैन्यं पलीकडच्या रस्त्याने गेली. गावच्या रस्त्याला चिखल फार. नवरा दोन दिवस खिन्न होता. "साधी एक स्वारीसुद्धा नाही?" असं तो भाजी चिरताना मला विचारायचा. ज्या गावाला कुणीही कधी लुटलं नाही त्या गावाची बाजू मांडायची कशी, हा त्याच्यापुढचा पेच होता.

मग एका संध्याकाळी मॅडमनी घंटेची गोष्ट सांगितली. क्रांतीच्या काळात सरकारने देवळांच्या घंटा उतरवून नेल्या. पुढे काही परत आल्या. गावची घंटाही आली, पण गाडीवाल्याने ती चुकून उत्तरेच्या गावात उतरवली, आणि त्या गावाने ती चढवून टाकली. तेव्हापासून मॅडमच्या गावचे लोक रोज दुपारी बाराला आपलीच घंटा दुसऱ्याच्या गावातून ऐकतात. मॅडमची आई त्या वेळी खिडकी लावून घ्यायची.

चाचा ताडकन उठून उभे राहिले. "घंटा पन घेतली नि आता नाव पन?"

त्या दिवसापासून विलीनीकरण हा आमचा घरगुती प्रश्न झाला. बाकीचा इतिहास मॅडमनी एका दमात सांगितला. शाळा बंद झाली. पोस्ट बंद झालं. मग पावाची भट्टी बंद झाली आणि पाव आठवड्यातून तीनदा गाडीवरून येऊ लागला. चौकात पहिल्या महायुद्धात मेलेल्यांचा दगड आहे, त्यावर कोरलेली नावं आज गावात राहणाऱ्या माणसांपेक्षा जास्त आहेत. हे ऐकल्यावर नवऱ्याने पेन खाली ठेवलं. ते कलम त्याने नंतर 'थोर पुरुष' या सदराखाली घातलं, आणि मला पहिल्यांदा त्याच्याविषयी आदर वाटला.

एवढ्यात शिक्का तयार झाला. चाचा पुतणीच्या लग्नाला गावी गेले होते, त्यांनी तो चिपळुणात करून आणला. गोल, देवनागरीतला, गावाच्या नावापुढे 'ग्रामस्थ मंडळ, मस्कत'. मधोमध नारळाचं झाड. शिक्केवाल्याकडे गावाच्या शिक्क्यासाठी तोच एक तयार साचा होता. "कोकनात सगल्यांना तोच देतो," चाचा म्हणाले. मध्य फ्रान्सच्या पठारावर नारळ होत नाही हे मी सांगून पाहिलं. पण मॅडमनी शिक्का हातात घेतला, स्वतःच्या मनगटावर उमटवून पाहिला आणि आठवडाभर तो हात कमी धुतला.

मराठी मंडळ म्हटल्यावर फूट पडायला हवी, ती दिवाळीच्या सुमाराला पडली. अल खुवैरमध्ये राहणारे पुण्याचे एक इंजिनीअर सदस्य एका सभेत उठले आणि म्हणाले की विलीनीकरणात वाईट काय आहे ते आधी कुणी सांगा. मोठ्या गावात डॉक्टर आहे, ड्रेनेज आहे, शाळेची बस आहे. त्यांनी उपग्रहाच्या नकाशावरून दोन्ही गावांची छपरं मोजून आणली होती. चाचा म्हणाले, "डॉक्टर घ्या, पन आधी आमची घंटा द्या." शब्दाने शब्द वाढला. पुढच्या आठवड्यात विलीनीकरण समर्थक गट शनिवारी इडली-सांबारावर भरू लागला. दोन व्हॉट्सॲप ग्रुप झाले. मॅडम दोन्हींत होत्या आणि दोन्हीकडे ॲपल पाय भाजून घेऊन जात. त्यांचं गाव राहिलं काय आणि गेलं काय, याची चिंता आता त्यांच्यापेक्षा बाकीचेच जास्त करत होते. फ्रान्समधल्या एका खेड्याच्या ड्रेनेजवरून फराळाची देवाणघेवाण थांबवलेल्या दोन बायका माझ्या ओळखीच्या आहेत, आणि त्यातली एक मी आहे.

निवेदन अखेर तयार झालं. विषय: गावाचे विलीनीकरण रद्द करणेबाबत. 'महोदय, वरील विषयास अनुसरून आम्ही खाली सह्या करणारे समस्त ग्रामस्थ आपणास नम्र विनंती करतो की,' असं ते सुरू व्हायचं. ऑफिसच्या सवयीने मी त्यावर 'आवृत्ती ४' असं घातलं. शेवटी ओळ होती, 'अन्यथा आम्हांस तीव्र आंदोलन छेडावे लागेल.'

"आंदोलन कुठे छेडणार? अझैबाच्या बीचवर?" मी विचारलं.

"ते लिहावंच लागतं," नवरा म्हणाला. "त्याशिवाय कुणी मनावर घेत नाही."

मी हिंदीत सांगायचे आणि मॅडम ओळीओळीने फ्रेंच करत होत्या. त्या ओळीपाशी थांबल्या, डोळे पुसेपर्यंत हसल्या आणि ती तशीच ठेवली. मग सह्या झाल्या. नाव, सही, मुक्काम पोस्ट. समर्थक गटानेही सह्या केल्या, कारण भांडण घरातलं आहे, बाहेर एकी दिसली पाहिजे, असं इंजिनीअर म्हणाले. सोबत तसाच फ्रेंच केलेला अकरा पानांचा भूगोल-इतिहास, प्रत्येक पानावर नारळ. टपालाला टाकताना मॅडमनी पाकिटावरचा पत्ता परत परत वाचला. भावाने हेही फाडलं तर, असं त्या दोनदा म्हणाल्या. मी म्हटलं, अकरा पानं फाडायला वेळ लागतो, तेवढ्यात तो थोडं तरी वाचेल.

सहा आठवड्यांनी नवऱ्याच्या पोस्टाच्या पेटीत जाड पाकीट आलं. 'माननीय अध्यक्ष, मस्कत मंडळ' यांना, नगरपालिकेच्या शिक्क्यासह. मॅडमनी पाकिटावरचं अक्षर ओळखलं. त्या दिवशी दोन्ही गट एकत्र आले. हॉलमध्ये बसायला जागा नव्हती, चाचा स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसले. पत्र मॅडमनीच वाचलं, एक वाक्य फ्रेंच, एक हिंदी.

महापौराने आमची टिंगल केली नव्हती. केली असती तर बरं झालं असतं. त्याने मुद्द्याला मुद्दा धरून उत्तर दिलं होतं. एक, मंडळाच्या स्थापनेबद्दल गावाच्या वतीने अभिनंदन. गावाचं परदेशात मंडळ असल्याचं त्याला माहीत नव्हतं. दोन, पान चारवर नदी उलटी वाहते आहे, कृपया दुरुस्ती करावी. तीन, नारळाच्या झाडाचा विचार केला, पण थंडीत ते जगणार नाही. चार, आंदोलन छेडल्यास त्याला आनंदच होईल, चौकात खूप दिवसांत कुणी जमलेलं नाही.

इथवर आम्ही हसत होतो. मॅडम पुढे वाचायच्या आधी थांबल्या.

पाच, विलीनीकरण. 'मी चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. पुढच्या निवडणुकीला उभं राहायला कुणीही तयार नाही. मी प्रत्येक घरी जाऊन विचारलं. घरं फार नाहीत, दोन दुपारी पुरल्या. गावाचं नाव मला पुसायचं नाही. ते धरून ठेवायला माणूस नाही. गावात आम्ही अठ्ठावन्न आहोत. आपल्या मंडळात एक्केचाळीस जण आहेत आणि सगळ्यांना गावाची इतकी काळजी आहे, हे वाचून मला बरं वाटलं. कृपया त्यातला एक पाठवा.'

इंजिनीअर मोबाइल बघायला लागले. मला लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत. चार महिने आम्ही एका म्हाताऱ्याच्या दाराशी जाऊन ओरडत होतो की तुझं घर पडू देऊ नकोस, आणि आत जाऊन एक खांब धरायची आमची कुणाचीच तयारी नव्हती. मॅडमचीसुद्धा. त्यांना गाव हवं होतं, पण ते तिथे असायला हवं होतं आणि त्या इथे.

मॅडमनी पत्राची घडी घातली, उलगडली, परत घातली. मग त्यांनी वर्गात करतात तसा हात वर केला.

"मैं जाएगी," त्या म्हणाल्या. "चुनाव को मैं खड़ी होएगी. कपाट उसको रखने दो."

नवऱ्याला गहिवरून आलं होतं, पण सभेची सवय सुटत नाही. "मॅडमनी गावी जाऊन उमेदवारी करावी, असा ठराव. अनुमोदन?"

सगळे हात एकदम वर गेले. विरोधी, समर्थक, पोह्यांचे, इडलीचे. आमच्या मंडळात एवढी एकी मी कधी पाहिली नव्हती, आणि ती का झाली हे प्रत्येकाला कळत होतं. जाणारी बाई दुसरी होती. माझाही हात वर होता. तो मी फार वेळ वर ठेवू शकले नाही.

एक हात खालीच होता. नवऱ्याने विचारलं, "चाचा, तुमचा विरोध?"

"विरोध नाय," चाचा म्हणाले. ते स्टुलावर गुडघ्यांवर हात ठेवून बसले होते. "पन ह्यांना 'जा' असा मी कुठच्या तोंडानं सांगू? माझा भाव गावात हाय. आमच्या वाडीत आखातवाल्यांचे नऊ बंगले. हा रोज सकाली नऊ बंगल्यांच्या खिडक्या उघडतो, वारा खेळवतो, सांजेला लावतो. मानूस एकात पन नाय. त्यातला एक माझा. चौतीस वर्सं मला फोनवर विचारतोय, कायमचा कधी येतोस. मी त्याला सांगतो, मंडळात तुझा विषय घेतलाय."

मॅडमना मराठी कळत नव्हतं, पण त्या उठून दारापर्यंत गेल्या आणि स्टुलाशेजारी जमिनीवर बसल्या. "भाई है तुम्हारा?" त्यांनी विचारलं.

"है."

"कितना साल का?"

"बहत्तर."

"मेरा चौहत्तर," मॅडम म्हणाल्या. "फोन करो."

चाचांनी खिशातून फोन काढला. नंबर शोधला. बराच वेळ त्यावर अंगठा धरून बसले, आणि मग फोन परत खिशात ठेवला.

"काय सांगू त्याला?" ते आम्हाला म्हणाले. "येतो सांगितला तर जावा लागंल."